वाचक विचारतात: कम्प्युटरचं पाणी गॅलरीत नेऊ का?

मागच्या महिन्यात एका वाचकाला मी दोन ओळींत उत्तर दिलं होतं की वॉटर कूलिंगचा रेडिएटर (कम्प्युटरची उष्णता घेऊन आलेलं पाणी ती हवेत टाकतं ती पत्र्यांची जाळी) कॅबिनेटच्या आतच पाहिजे असं काही नाही, बाहेर ठेवला तरी चालतो. झालं, त्या दोन ओळींनी माझा अख्खा महिना खाल्ला. कोणाला गच्चीवर न्यायचाय, कोणाला हौदात बुडवायचाय, एकजण तर फ्रिजला भोक पाडायला निघालाय. म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवलेत, मोबाईलची बॅटरी फुगलेल्यांनी कृपया रागावू नये (आणि फुगलेली बॅटरी वापरू पण नये).

प्रश्न: दादा, मी नागपूरचा. घरूनच थ्रीडी रेंडरिंगची कामं करतो, प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०९० आहे. एप्रिल लागला की त्या खोलीत बसवत नाही, पंखे तर चक्कीवानी ओरडतात. एसी नाही, खिडकीला डेझर्ट कूलर आहे. मोठा रेडिएटर घेऊन गॅलरीत लावायचा आणि भिंतीतून पाईप आत घ्यायचे असा प्लॅन आहे. पंप, पाईप, काय काय लागेल ते सगळं सांगा. गॅलरी पश्चिमेची आहे.

उत्तर: शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात पण मी तिथेच अडकलो. नागपूरची पश्चिमेची गॅलरी, मे महिना, दुपारचे चार, हवा ४४-४५ आणि वर भिंत तापलेली ती वेगळीच. पाणी कितीही फिरवलं आणि रेडिएटर केवढाही मोठा घेतला तरी पाणी त्याच्या भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही, चांगला सेटअप असेल तर हवेपेक्षा साधारण १० डिग्री वर येऊन थांबतं. म्हणजे गॅलरीत ४५ तर पाणी ५५. बहुतेक पंपवाले ६० च्या वर पाणी नेऊ नका म्हणतात, तुम्ही पार उंबरठ्यावर जाऊन बसाल, आणि पाईप जिथे नॉझलवर चढवलाय तिथे तो गरम होऊन सैल पडायला लागतो ते वेगळंच.

पाणी थंडावा तयार करत नाही हो, ते हमालासारखं आहे, इथली उष्णता उचलून तिथे नेऊन टाकतं. त्यामुळे आधी ठरवायचं ते एवढंच की टाकायची कुठे. पंप आणि पाईप नंतर.

तुमच्याकडे त्याचं उत्तर घरातच आहे आणि तुम्ही ते खिडकीला टांगलंय! विदर्भातली उन्हाळ्याची हवा कोरडी. ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर जे दिसतं ते, २३-२४ च्या आसपास येतं. कूलरच्या टाकीतलं पाणी तासभर वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या किसाच्या पॅडवरून फिरलं की याच आकड्याच्या जवळपास जाऊन बसतं. बाहेर ४४ आणि टाकीत २५! आता यातून दोन रस्ते निघतात.

सोपा रस्ता असा की रेडिएटर गॅलरीत नेऊच नका, खोलीतच कूलरच्या झोतात, पण तोंडाला चिकटून नको, तीन-चार फूट लांब उभा करा. त्या झोताची हवा २७-२८ असते, म्हणजे पाणी ३८ च्या आसपास राहील आणि हे ५५ च्या समोर केवढं चांगलंय बघा. तीन-चार फूट अशासाठी की कूलर बारीक तुषार उडवतो आणि तुमचं पाणी बोअरचं असेल तर त्या तुषारांतला क्षार रेडिएटरच्या पत्र्यांवर पांढरा थर बसवतो, मग दोन महिन्यांनी तुम्ही मलाच लिहाल की टेम्परेचर वाढलं. उष्णता खोलीत पडेल ही शंका बरोबर आहे, पण कूलर चालवताना समोरची खिडकी उघडी ठेवायचीच असते, रेडिएटरचं तोंड त्या खिडकीकडे करा, हवा जाता जाता उष्णता घेऊन जाईल.

दुसरा रस्ता जरा हातकामाचा, पण मला स्वतःला हाच जास्त आवडतो. एसीवाल्यांकडे तीन सुती (म्हणजे ३/८ इंची) मऊ तांब्याची नळी वेटोळ्यात मिळते, तिची दहाएक मीटरची कॉइल करून कूलरच्या टाकीत बुडवायची आणि कम्प्युटरचं पाणी त्या कॉइलमधून फिरवायचं. दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, टाकीतलं टाकीत, कम्प्युटरचं नळीत. उष्णता टाकीतल्या पाण्यात जाते, ते पाणी पॅडवर जाऊन थोडं जास्त उडतं, संपला विषय. हिशोब करून बघा, एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४ लाख ज्यूल लागतात, तुमचं मशीन पूर्ण लोडवर ६०० वॉट टाकतंय असं धरलं तर तासाला पाऊण-एक लिटर पाणी जादा उडेल. कूलर एरवी दिवसभर जेवढं पितो त्यापुढे हे काहीच नाही.

पण तीन अटी आहेत आणि त्यातली पहिली मोडली तर बाकीचं वाचूच नका. कूलरला अर्थिंग पाहिजे. कूलरचा बुडीत पंप थेट २३० व्होल्टचा असतो, तो लीक झाला की टाकीत करंट, आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात हे विदर्भातल्या माणसाला मी काय सांगणार. तशा टाकीत तुम्ही तांब्याची नळी सोडणार आणि तिचं दुसरं टोक लाखांच्या मशीनपर्यंत जाणार. अर्थिंग तपासून घ्या, बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, हा खर्च कम्प्युटर नसता तरी करायचाच होता. दुसरं, टाकी प्लॅस्टिकची किंवा फायबरची असू द्या, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या टाकीत तांबं ठेवलं की जस्ताचा थर भराभर खाल्ला जातो आणि पुढच्या सीझनला टाकी गळते. तिसरं, टाकी कोरडी पडली की तुमची सगळी व्यवस्था कोरडी पडली, त्यामुळे फ्लोट व्हॉल्व्ह लावा, रात्रीचं रेंडर लावून झोपायचं असेल तर नक्कीच.

आता पंपाकडे येऊ. डी५ नावाचा पंप घ्या, वेगवेगळ्या कंपन्या आपापलं झाकण लावून तोच विकतात. १२ व्होल्टवर चालतो, पूर्ण वेगाला वीस-बावीस वॉट खातो, आणि मुख्य म्हणजे कम्प्युटरच्या एसएमपीएसवरच (कम्प्युटरला वीज देणारा डबा) चालतो. याचा फायदा कळायला वेळ लागतो. पंप वेगळ्या अडॅप्टरवर असेल आणि तो अडॅप्टर कोणी झाडू मारताना काढला, तर कम्प्युटर चालू आणि पाणी उभं. एकाच सप्लायवर असले की लाईट गेली तर दोघं बरोबर जातात, इन्व्हर्टरवर आले तर बरोबर येतात. पंपाची स्पीडची वायर मदरबोर्डच्या सीपीयू फॅनच्या पिनांवर लावा आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पंपाचा वेग पडला की मशीन बंद असं सेट करा.

पाणी किती फिरायला पाहिजे यावर लोक उगाच भांडतात. ६०० वॉट उष्णता आणि मिनिटाला १ लिटर पाणी असेल तर मशीनमध्ये शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी यांच्यात साडेआठ डिग्रीचा फरक पडतो, ३ लिटर केलं तर तीनच्या आत येतो. त्यापुढे कितीही वाढवा, हाताला लागणार काही नाही. म्हणून ३ लिटरच्या आसपास पुरे.

आणि तेवढं फिरवायला पंप काही अजस्र लागत नाही. "रेडिएटर वर गच्चीवर असला तर पंप चढवेल का" असं अजून चार-पाच जणांनी विचारलंय, त्यांनाही इथेच सांगतो. बंद वळशात पाणी एका नळीने जेवढं वर चढतं तेवढंच दुसरीने खाली उतरतं, दोन्ही बाजूंचं वजन एकमेकांना तोलून धरतं, त्यामुळे एकदा पूर्ण भरलं की पंपाला उंची चढवायची नसते, फक्त नळीचं घर्षण सोसायचं असतं. भरताना मात्र उंची लागते, म्हणून कम्प्युटरच्या पाण्याची छोटी टाकी (कूलरची नव्हे) सगळ्यात वर ठेवा आणि वरून ओता. घर्षणाचं म्हणाल तर आतून १० मिलिमीटरचा पाईप १० मीटर लांब असेल तर ३ लिटरला साधारण ७० सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढं जोर खातो, तोच १३ मिलिमीटरचा घेतला तर २० च्या आसपास. डी५ पावणेचार मीटरच्या पुढे जोर लावू शकतो, म्हणजे दोन्ही चालतील, तरी लांब नेणार असाल तर जाडच घ्या.

पाईप ईपीडीएम रबराचा काळा घ्या. दिसायला कुरूप असतो, असू दे. पारदर्शक पीव्हीसीचा मोह मला झाला होता. डोंबिवलीला राहत होतो तेव्हा पैसे वाचवायला गवंडी लोकांचा लेव्हल पाईप आणला, गॅलरीतून फिरवला, काय शोभा, आतून बुडबुडे दिसतायत. तीन महिन्यांत उन्हाने तो पिवळा आणि कडक झाला, आत हिरवं शेवाळ धरलं, आणि एका दुपारी नॉझलवरून सटकून लिटरभर हिरवं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. पापड भरून दिले, पण काकू अजून लग्नाकार्यात भेटल्या की विचारतात, "कम्प्युटर गळतो का रे अजून?"

जोडणीला हात लावण्याआधी एक सांगतो, प्लंबरला बोलावू नका. प्लंबर वाईट म्हणून नाही, त्याच्या हाताला सवय वेगळी असते. कम्प्युटरच्या फिटिंगला ‘जी १/४’ मापाचे सरळ आटे असतात आणि गळती थांबवायचं काम तिथली रबरी रिंग करते, आटे करत नाहीत. प्लंबर सवयीने टेफलॉन टेप गुंडाळणार आणि पान्याने "थोडं टाईट" करणार, आणि ॲक्रेलिकची टाकी नाहीतर ब्लॉक (चिपवर बसतो आणि आतून पाणी फिरतं तो ठोकळा) तिथेच तडकणार. हाताने घट्ट, मग किंचित. बस्स.

आत पाणी डिस्टिल्डच घाला. आरओचं नको, बोअरचं तर नकोच नको. त्यात या कामासाठी मिळणारं शेवाळविरोधी आणि गंजविरोधी औषध टाका, मात्र ते बाटलीवरच्या मापानेच, दुप्पट टाकलं म्हणून दुप्पट टिकत नाही. वर्षाने एकदा सगळं काढून बदला.

मशीनला वीज देण्याआधी गळती तपासायची. एसएमपीएसचा २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डपासून काढून त्यातली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली की एसएमपीएस एकटाच चालू होतो, फक्त पंप त्याला लावा, बाकी सगळं काढा. नव्या केबलमध्ये बऱ्याचदा सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे रंगावर जाऊ नका, हिरवीच्या जागी १६ नंबरची आणि काळीच्या जागी १७ नंबरची पिन बघा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर पसरा आणि रात्रभर चालू द्या. पंप कोरडा मात्र एक मिनिटसुद्धा चालवू नका, पाणीच त्याचं वंगण आहे. सकाळी टिश्यू कोरडे असतील तर पुढे.

आणि हे सगळं करायच्या आधी एक फुकटचं काम करा, ४०९० ची पॉवर लिमिट ४५० वॉटवरून ३२०-३५० वर आणा. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल पण टाकायची उष्णता तिथल्या तिथे शंभर वॉटने कमी. एवढ्यावरच भागलं तर मला कळवा, पंपाचे पैसे वाचल्याबद्दल संत्रा बर्फी पाठवली तरी चालेल.

प्रश्न: काका, मी रत्नागिरीला डिप्लोमाला आहे. थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फ आणि पाणी भरून त्यात कॉइल ठेवली तर? किंवा घरच्या जुन्या फ्रिजमध्ये रेडिएटर ठेवून पाईप बाहेर काढले तर कायमचंच काम होईल ना?

उत्तर: फ्रिजला भोक पाडणारा तो तूच. आईला विचारलंस का?

बर्फाचं गणित आधी. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. तुझा कम्प्युटर गेम खेळताना ३०० वॉट टाकत असेल तर १८ मिनिटांत किलोभर बर्फ संपला, तीन तास खेळायचं तर दहा किलो. त्यापेक्षा मासळी मार्केटमध्ये दुकान टाक.

फ्रिजचं त्याहून वाईट आहे. फ्रिज हा गार केलेली वस्तू गार ठेवायला बनवलेला असतो, त्याचा कॉम्प्रेसर शंभर-दीडशे वॉटच्या आसपास उष्णता ओढतो आणि तीही अधूनमधून दम खात. तू आत सतत ३०० वॉटची शेगडी ठेवणार. तो चोवीस तास धापा टाकत चालेल, आतलं गरमच राहील आणि एक दिवस कॉम्प्रेसर जाईल.

पण समजा जमलं, पाणी १५ डिग्रीला आलं. मग खरा घोळ सुरू होतो. तू कोकणात आहेस. खोलीत ३० डिग्री आणि ८० टक्के दमट हवा असेल तर २६ डिग्रीच्या खालची कुठलीही वस्तू घाम सोडते, थंड सरबताच्या ग्लासला बाहेरून थेंब येतात तसे. तेच थेंब तुझ्या ब्लॉकवर, पाईपवर, मदरबोर्डवर, ग्राफिक्स कार्डच्या मागच्या बाजूला. पाईप कुठेच फुटलेला नसताना मशीन ओलं होऊन मरतं आणि कारण लवकर सापडत नाही. साध्या रेडिएटरचं पाणी हवेपेक्षा नेहमी थोडं गरमच असतं, त्यामुळे तिथे घाम येतच नाही, हा त्या "कमी थंड" पाण्याचा मोठा गुण आहे.

नागपूरकरांना दिलेला कूलरचा उपायही तुला लागू नाही, तुमच्याकडे हवाच एवढी ओली की पाणी उडायला जागा नाही. शिवाय समुद्राजवळ असशील तर रेडिएटर उघड्यावर नको, खारी हवा त्याचे पत्रे आणि पंख्यांची बेअरिंग दोन्ही खाते. तुझ्या मशीनला प्रोसेसरवर बसणारा, पाण्याविना चालणारा मोठा ट्विन टॉवर एअर कूलर आणि खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन, एवढंच कर. उरलेल्या पैशात रॅम.

प्रश्न: आमचं इचलकरंजीत गॅरेज हाय. मारुतीचा जुना रेडिएटर पडलाय, कूलरचा पंप पडलाय, आरओचा पाईप पन हाय. ह्यातनं मुलाच्या कम्प्युटरला कायतरी जुळवता येतंय का?

उत्तर: दादा, तुम्ही ज्या रस्त्याने निघालात तिथूनच हा सगळा छंद आलाय. साधारण २००० सालच्या आसपास परदेशात पोरं गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर आणि माशांच्या टाकीचा पंप घेऊनच हे करत होती, तयार सामान मिळतच नव्हतं. फक्त त्यांचे ते रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, आणि तुमच्याकडे पडलेला बहुतेक ॲल्युमिनियमचा असणार.

प्रोसेसरवर बसतो तो ब्लॉक तांब्याचा. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ती छोटी बॅटरीच झाली, ॲल्युमिनियम विरघळत जातं, त्याचा पांढरा चिखल ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत जाऊन बसतो. गाडीत चालतं कारण कूलंटमध्ये गंजरोधक असतं आणि तुम्ही ते वेळेवर बदलता, इथे मुलगा बदलणार नाही, मी लिहून देतो. जुन्या जीपचा वगैरे तांब्या-पितळेचा रेडिएटर मिळाला तर खुशाल वापरा, पण आधी आतून दोन-तीनदा नीट धुऊन घ्या, त्यातला गाळ आणि जुनं कूलंट निघून जाईपर्यंत.

कूलरचा पंप नको, तो थेट २३० व्होल्टवर पाण्यात बुडालेला असतो हे वर लिहिलंच आहे. आरओचा पाईप बाहेरून पाव इंचाचा, आतून त्याहून बारीक, त्यातून पाहिजे तेवढं पाणी जातच नाही. त्याऐवजी चांगल्या रबराचा पाईप घ्या, आणि होज क्लिप तर तुमच्या ड्रॉवरमध्ये किलोभर असतील, त्या मात्र इथे एकदम परफेक्ट. माझा सटकलेला पाईप क्लिप लावली असती तर सटकला नसता.

प्रश्न: मुलाला कम्प्युटरच्या पाइपांसाठी भिंतीला भोक पाडायचंय. आम्ही ठाण्यात भाड्याने राहतो. काय सांगू त्याला?

उत्तर: ताई, "घरमालकाला तू फोन कर" म्हणून सांगा.

गंमत सोडा, आधीच्या भाडेकरूचं एसीचं भोक भिंतीत बुजवलेलं असतं बऱ्याचदा, ते शोधा. दोन-अडीच इंचात दोन पाईप आरामात जातात. नवीनच पाडायचं झालं आणि मालक हो म्हणाले तर एसीवाला कोअर कटरने पाडून देतो, त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायला सांगा, नाहीतर जुलैत पावसाचं पाणी त्या भोकातून थेट कम्प्युटर टेबलावर. आणि गॅलरीत एसीचं आउटडोअर युनिट असेल तर रेडिएटर त्याच्या झोतात ठेवू नये, हे तेवढं मुलाला नक्की सांगा. कबुतरांसाठी जाळी पण, ती रेडिएटरच्या पंख्यावर अंडी घालतात, मी थट्टा करत नाहीये.

प्रश्न: पुण्यात आमचा स्वतःचा बंगला आहे, जमिनीखाली १०,००० लिटरचा हौद आहे. त्यात कॉइल सोडली तर रेडिएटर, पंखा काहीच लागणार नाही असं मला वाटतंय. बरोबर आहे का? आणि वडील म्हणतात माठात सोड.

उत्तर: तुमचं बरोबर आहे आणि वडिलांचं थोडं कमी बरोबर आहे.

१,००० लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला साधारण ४२ लाख ज्यूल लागतात. तुमचं मशीन ४०० वॉट, रोज ८ तास, म्हणजे दिवसाला १ कोटी १५ लाख ज्यूल. १,००० लिटरचा हौद असता तर दिवसात पावणेतीन डिग्री चढला असता, तुमचा १०,००० चा आहे, म्हणजे पाव डिग्रीच्या आसपास, आणि तेवढं तर रोज नळाला नवीन पाणी येतं त्यात आणि जमिनीत निघून जातं. जमिनीखाली असल्यामुळे मे महिन्यातही तो गच्चीवरच्या टाकीसारखा तापत नाही. आवाज शून्य, पंखे शून्य. हेवा वाटला.

पण त्या हौदाचं पाणी तुम्ही पिता का, स्वयंपाकाला वापरता का? तर कॉइलच्या आत फक्त डिस्टिल्ड पाणी ठेवा, औषधं आणि ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते) अजिबात नको, कॉइलला पाण्याखाली एकही जोड नको, अखंड नळी वरून खाली आणि परत वर. आणि पावसाळ्यात हौदाचं पाणी गार आणि खोलीतली हवा दमट अशी जोडी जमली तर वर रत्नागिरीच्या मुलाला सांगितलेला घाम तुमच्याकडेही येईल, त्यासाठी पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर लावा आणि गरज पडली तर पंप हळू करा.

माठाचं असं आहे, माठ दिवसाला समजा एक लिटर पाणी झिरपवून उडवतो, तर त्याची गार करायची ताकद दिवसभराची सरासरी काढली की २८ वॉट भरते. एखाद्या छोट्या लॅपटॉपला पुरेल, वडिलांना लॅपटॉप असेल तर सुचवा.

जाता जाता, पुण्यातच पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म नावाचा सुपरकम्प्युटर आहे, २०१९ चा, त्यातही पाणी थेट चिपवरच्या प्लेटपर्यंत नेलंय. म्हणजे तुम्ही करताय ते काही येडपटपणाचं नाही, वहिनींना सांगायला उपयोगी पडेल.

प्रश्न: नमस्कार, मी म्युनिकला असतो. इथे मोरा रेडिएटर सहज मिळतो, ९ पंख्यांचा घ्यायचा विचार आहे. बाल्कनीत लावला तर हिवाळ्यात उणे दहाची हवा फुकट मिळेल, मग तर तापमान भन्नाट येईल ना?

उत्तर: मोरा तुमच्या शेजारचाच म्हणायचा, वॉटरकूल ही जर्मन कंपनी. १४० मिलिमीटरचे ९ पंखे बसणारा मॉडेल घेतलात तर घरगुती कुठल्याही मशीनला तो पुरून उरतो, पंखे इतके हळू फिरवता येतात की चालू आहेत का ते हात लावून बघावं लागतं. आमच्याकडे तो मागवायचा म्हणजे कस्टम ड्युटी आणि कुरिअर मिळून डोळे पांढरे होतात, त्यामुळे तिथे आहात तर घ्याच.

पण उणे दहाची हवा फुकट नाहीये. रात्री मशीन बंद केलं की बाल्कनीतलं पाणी गोठणार आणि गोठताना फुगून रेडिएटर फाडणार. ग्लायकॉल ३० टक्के टाकलं तर उणे दहा-बाराला गोठणार नाही, पण सकाळी चालू केल्यावर ते उणे दहाचं पाणी पहिल्या मिनिटात आत येणार आणि तुमची खोली २१ डिग्री, ५० टक्के आर्द्रता असेल तर १० च्या खालच्या प्रत्येक गोष्टीवर दव धरणार. म्हणजे तुम्ही रत्नागिरीच्याच घोळात, फक्त स्वेटर घालून. आणि ग्लायकॉल घ्यायचंच झालं तर प्रॉपिलीन घ्या, इथिलीन विषारी असतं, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर नकोच.

त्यात मला एक कळत नाही, हिवाळ्यात तिथे तुम्ही हीटिंगचं बिल भरता आणि ५०० वॉटची उष्णता बाल्कनीत फेकून देणार? हिवाळ्यात मोरा खोलीतच ठेवा, बाहेर न्या तो फक्त जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात. त्यासाठी पाइपांना क्विक डिस्कनेक्ट कपलिंग लावा, दोन्ही बाजूंना आपोआप बंद होणारं, पाणी न काढता दोन मिनिटांत सुटतं आणि जोडतं. स्वस्तातलं घेऊ नका, त्याच्या आतली स्प्रिंग गंजते आणि भोक बारीक असल्यामुळे पाणी अडतं. भाड्याच्या घरात खिडकीच्या चौकटीला ड्रिल मारणं तिथे फार महागात पडतं असं माझा तिकडचा भाचा सांगतो, तेव्हा उन्हाळ्यात बाल्कनीचं दार किलकिलं ठेवून पाईप त्यातून काढा आणि फटीला फोमची पट्टी लावा, दिसायला गबाळं दिसेल, पण डिपॉझिट शाबूत राहील.